हरभऱ्याचा सुका पाला

तिसरी भाकर हातातल्या हातातच दुभंगली, तशी वामनराव टाल्यानं ती गोळा केली आणि परातीत आपटली. आधीच्या दोन तव्यावर काळ्याठिक्कर होऊन बसल्या होत्या. चुलीतली कपाशीची पऱ्हाटी ओली होती. धूर असा कोंदला, की ओसरीवर बाजेवर पडलेल्या गोजरबाईला ठसका लागला. तिचा ठसकासुद्धा आता अर्धाच यायचा. अर्धा छातीत अडकून राहायचा.

"भाऊ, भाकर करून राह्यले का वीटभट्टी लावली?" भिंतीपलीकडून जहांआराचा आवाज आला.

"तुमी तुमचं काम करा, भाभी!"

"तेच करून राह्यली नं. पण डोळे उघडू देसान तर करीन. रजईत कापूस भरू का तुमचा धूर भरू?"

 वामनरावानं चौथा गोळा हातात घेतला. त्यालाही भेगा पडल्या.

देऊळघाटपासून दोन कोसावरची ही वाडी. शंभरेक उंबरे, वरच्या अंगाला गायरानाची टेकडी, खालच्या अंगाला नाला. वामनरावाची नाल्याकाठी पाच एकर काळी जमीन होती, खाऊनपिऊन सुखी घर होतं. कमी होती ती एकाच गोष्टीची, आणि ती कमी त्याला वयाच्या पासष्टीपर्यंत कधी जाणवली नव्हती. त्याला स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्यासुद्धा भरून घेता येत नव्हता. लग्न झाल्यापासून बेचाळीस वर्षं ताट पुढ्यात आलं होतं. ते कुठून आलं, हे त्यानं विचारलं नव्हतं.

कार्तिकात गोजरबाईच्या अंगावरून वारं गेलं. गोठ्यात शेण काढता काढता ती खाली बसली, ती उठलीच नाही. बुलढाण्याला पंधरा दिवस दवाखाना झाला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. एकेक शब्द असा यायचा, जसा खोल विहिरीतून पोहरा वर यावा. निम्मं पाणी वाटेतच सांडलेलं.

पोरगा राजकुमार चाकणला कंपनीत. तो दहा दिवस राहिला. जाताना म्हणाला, "बाबा, आईले घेऊन चला तिकडं." दोन खोल्यांचं घर, चौथा माळा. गोजरबाईनं डाव्या हातानं बाजेची दोरी गच्च धरली आणि मान हलवली. तेव्हा राजकुमारानं रांधायला वाडीतल्याच जनकाबाईला लावून दिलं आणि तो गेला.

जनकाबाई सोळा दिवस टिकली. सतराव्या दिवशी वरणात हळद कच्ची राहिली. वामनरावानं बेचाळीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. ताट उचललं आणि अंगणात भिरकावलं. टाल्याच्या घरची कुत्री वाडीत सगळ्यात धष्टपुष्ट, असं लोक उगाच म्हणत नव्हते. ताट पडल्याचा आवाज आला की ती गल्लीच्या टोकापासून धावत यायची. गोजरबाई धडधाकट असती तर तिनं खाली मान घालून ताट उचललं असतं, घासलं असतं आणि दुसरं वाढून आणलं असतं. जनकाबाईनं मात्र हात पदराला पुसले आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "फेकलेलं ताट उचलाले मी काई तुमची बायको नाई."

आणि गेली. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट घराघरात पोचली. मग वामनरावाला दुसरी बाई मिळाली नाही. साखरखेर्ड्याहून एका नातेवाइकाची विधवा यायची होती, तिच्याही कानावर कुणीतरी घातलं.

म्हणून वामनराव चुलीपुढं आला होता.

थोड्या वेळानं जहांआरा मागच्या दारानं आत आली. पिंजाऱ्याची जहांआरा. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाद्या-रजया भरून ती पोट भरत होती. तिच्या केसांत, भुवयांत कायम कापसाची म्हातारी अडकलेली असायची. पोरगी हीना देऊळघाटला दिलेली. गोजरबाई आणि ती, दोघींच्या मधली भिंत नावालाच होती.

तिनं परात पाहिली, तवा पाहिला. "उठा."

"मी करतो."

"दिसून राह्यलं. उठा, आजच्या चार मी थापून देते. पण भाऊ, मी काई रोज येनार नाई. माझं पोट मलेच भराव लागते. तुमी शिका."

"माणसानं काय भाकरी थापाव्या?"

"माणसानं जेवाव का नाई मग?"

वामनराव बाजूला सरकला. जहांआरा परातीपुढं बसली. "पानी कडक पाह्यजे. थंड पान्यानं पीठ तुटते. आन् मळताना तळहातानं रेटा. कोनाचा गळा दाबल्यावानी नाई, वासराची पाठ चोळल्यावानी. असं. हं. आता तुमी."

आठ दिवस लागले. नवव्या दिवशी एक भाकर फुगली. ती तव्यावरून काढून तो ओसरीवर गेला आणि गोजरबाईच्या डोळ्यांपुढं धरून उभा राहिला. दहावीची परीक्षा पास झालेला पोरगा कागद दाखवतो तसा. गोजरबाईनं पाहिलं आणि मान हलवली. तिला भाकर चावत नव्हती, तिच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवाव्या लागत. त्याही तो शिकला. ताकात शिजवायच्या, ढवळत राहायचं, चूल सोडून उठायचं नाही.

पारावर मात्र त्याचं हसं झालं. प्रेमानंद त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, पण तोंडाचा तिखट.

"या वामनबाई, आज काय कालवन केलं?"

पार खदखदून हसला. असल्या बोलण्याला वामनरावानं एके काळी थोबाडीत दिली असती. त्या दिवशी त्याच्या नखांत पीठ होतं. तो उठला आणि घरी आला. त्यानंतर पारावर गेला नाही.

*

एकदा कालवणाला काही नव्हतं. जहांआरा म्हणाली, "कणगीच्या खोलीत पाहा नं. गोजरानं ठेवलं असन."

त्या खोलीत तो कधी शिरलाच नव्हता. भर दुपारी बॅटरी घेऊन गेला. भिंतीला लागून गाडगी, मडकी, पत्र्याचे डबे उतरंडीनं रचलेले होते. प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. त्यानं एकेक सोडून पाहिलं. मुगाच्या वड्या. बाजरीच्या खारोड्या. वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, वांग्याच्या सुकलेल्या फोडी. चिंचेचे गोळे. बोरं. राखेत पुरून ठेवलेलं वालाचं, दोडक्याचं, काकडीचं बी. उन्हाळ्यात, भर पावसात, जेव्हा वेलावर पान नसायचं, तेव्हा त्याच्या ताटात जे जे आलं होतं ते सगळं इथल्या अंधारात बसून होतं. तो समजत होता, भाज्या बाजारातून येतात.

मूठभर वड्या काढून त्यानं एकेक फडकं पुन्हा होतं तसं बांधलं.

पण पौष सरेस्तोवर गाडगी निम्मी झाली. बाजारात जावं, तर गोजरबाईला दिवसभर एकटं टाकून जाता येईना. एकदा गेला होता. परत आला तर ती बाजेखाली मातीत पडलेली. कधीपासून, कुणास ठाऊक. तोंडाशी मुंग्या लागल्या होत्या. तिनं हाक मारली नव्हती. मारली असती तरी भिंतीपलीकडं गेली नसती. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, घरात पिकेल, घरात टिकेल, तेच खायचं.

मग तो सगळंच शिकायला लागला. मोरीचं पाणी जिथं वाया जायचं तिथं त्यानं चर खणून आळी केली. वाल कुडावर चढवला. वांगी लावली, चवळी लावली. बाज परसदारी सावलीत आणून ठेवली, की गोजरबाई डाव्या हाताच्या बोटानं दाखवायची. इथं नको, तिथं. खोल नको, वर. पाच एकराचा धनी, ट्रॅक्टरनं पाळी घालणारा माणूस, पण हातभर वाफ्यात त्याला तिच्या बोटाकडं बघावं लागायचं.

एकदा तिनं बोट खोलीकडं केलं. बी आण, इतकं त्याला कळलं. त्यानं एक गाडगं आणलं. तिनं मान हलवली. दुसरं आणलं. नाही. तिसरं आणलं, तेही नाही.

"नीट बोल की वं! का मी रिकामा हाये?" तो ओरडला.

गोजरबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तो दिवस आणि दुसरा दिवस तिचं बोट काही वर झालं नाही.

जहांआरा भिंतीवरून सगळं ऐकत होती. सांजच्याला ती कापूस झटकत म्हणाली, "भाऊ, तिची जीभ आत्ता गेली, असं वाटते का तुमाले?"

"मंग? कार्तिकापासूनच तर गेली."

जहांआरानं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कापूस झटकायला लागली.

*

माघात हरभरा गुडघ्याला लागला, तेव्हा तीच म्हणाली, "पाला खुडून वाळवून ठेवा, भाऊ. गोजराले सुक्या पाल्याची भाजी म्हनजे जीव की प्राण. कण्यासंगं लय खाते."

वामनराव चमकला. "मले काऊन नाई मालूम?"

"तुमच्या ताटात वाढतच नव्हती. लगन नवं होतं तवा येकदा वाढली होती म्हने. तुमी म्हनले, शेळीचा चारा मले काऊन वाढला."

त्याला आठवेना. पण आपण तसं म्हटलं नसेल, असंही त्याला म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जहांआराला ओसरीवर लक्ष ठेवायला सांगून तो शेतात गेला. हरभऱ्यावर आंबट दवाची आंब धरलेली होती. शेंडे खुडता खुडता बोटं चरचरली, नखाच्या मुळाशी चिरा पडल्या. दोन सकाळी त्यानं खुडलं. दोन पाट्या भरल्या. धोतर पसरून पत्र्यावर पाला वाळत घातला. दिवसातून तीनदा तो शिडीनं वर चढायचा आणि हलक्या हातानं पाला वरखाली करायचा. कधी नव्हे ते त्याच्या मनात एक गोड गोष्ट घर करून बसली होती. जेठात, सगळं जळून गेल्यावर, गोजरबाईपुढं तिच्या आवडीचं ठेवायचं. न सांगता ठेवायचं आणि तिचं तोंड पाहायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटाकडून आभाळ आलं. काळं नव्हे, पिवळं. वारा सुटला आणि पत्र्यावर हरभऱ्याएवढ्या गारा तडतडायला लागल्या. वामनराव शिडीवरून पडता पडता वाचला. धोतराचं गाठोडं छातीशी धरून ओसरीत आला. पाला वरवर वाळला होता. देठ अजून मऊ होते, पानंही दमट झाली होती. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तो निथळत होता, धापा टाकत होता. त्यानं मोठा डबा घेतला, पाला दाबून दाबून भरला आणि झाकण बसवलं.

बाजेवरून गोजरबाईचा डावा हात वर झाला.

"काय वं?"

तिचे ओठ हलले. शब्द जुळेना.

"काय म्हनतं? बोल लवकर! इकडं मी ओला होऊन राह्यलो!"

वर झालेला हात तसाच थोडा वेळ राहिला. मग खाली आला.

"काई... नाई."

त्यानं झाकणावर बुक्की मारली, घट्ट बसवलं आणि डबा खोलीत नेऊन ठेवला.

*

त्या उन्हाळ्यात वामनरावाच्या हाताला यश आलं. फाल्गुनात त्यानं मूग भिजवून, वाटून वड्या घातल्या. पहिल्या वड्या शेणाच्या गोवऱ्यांएवढ्या झाल्या. जहांआरा हसून हसून खाली बसली, पण दुसऱ्या खेपेला नीट पडल्या. वैशाखात बांधावरच्या गावरान आंब्याच्या कैऱ्या उतरवल्या. बरणी उन्हात तापवली, हिंगाची धुरी दिली, ओला हात तर बरणीच्या आसपास येऊ दिला नाही. लोणचं असं मुरलं, की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

वासावर माणसं येतात. बचत गटाची सिंधूताई बायका घेऊन आली आणि बरणीत डोकावून गेली. एका सकाळी प्रेमानंद स्वतः वाटी घेऊन दारात उभा राहिला.

"वामनराव," तो म्हणाला. बाई नाही, राव म्हणाला. "आमच्या घरच्या लोनच्याले बुरी आली. वाटीभर देतं का?"

वामनरावानं वाटी शिगोशीग भरली. वर चार फोडी जास्त ठेवल्या. प्रेमानंद गेल्यावर तो ओसरीत आला आणि गोजरबाईला म्हणाला, "पाह्यलं का वं? येऊन राह्यले आता."

गोजरबाईनं मान हलवली.

वैशाखाच्या शेवटी जहांआरा लेकीच्या बाळंतपणाला देऊळघाटला गेली. जेठ लागला. विहीर तळाला गेली, कुडावरचा वाल करपला, वांगी लाकडागत झाली. तेव्हा वामनरावानं तो डबा काढला. झाकण निघेना, इतकं घट्ट बसलं होतं. निघालं तसा एक वास आला. ओल्या पोत्याचा. त्यानं नाक आत घातलं आणि विचार केला, सुक्या पाल्याला वास असाच असेल. त्यानं तो कधी खाल्लाच नव्हता, तर कसं कळणार? वरून मूठभर काढला, धुतला, लसणाची फोडणी दिली, घोटून कण्यांत मिसळला आणि ताटली घेऊन बाजेवर बसला.

"ओळख पाहू, काय हाये?"

गोजरबाईनं ताटलीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं. त्यानं घास भरवला. तिनं तो तोंडात धरला, डाव्या गालात फिरवला आणि गिळला.

"कसं झालं?"

"बरं... झालं."

 वामनरावानं ताटली पुसून पुसून भरवली. आपल्यासाठी भाकरीवर लोणचं घेतलं. पाला खायची त्याला सवय नव्हती, आणि तिच्या आवडीतला घास कशाला कमी करा, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

"कसं झालं?"

"बरं झालं."

असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिला जुलाब लागले. ती इतकी गळली, की मान उचलेना. गावात फिरणाऱ्या डॉक्टरनं सुई दिली, औषध दिलं, म्हणाला, उन्हाचं असेल, हलकं द्या. वामनरावाच्या मते कण्या आणि पाला यापेक्षा हलकं काय असणार? आणि तिला तेच तर आवडत होतं.

तेराव्या दिवशी सकाळी जहांआरा परत आली. नात झाल्याचे पेढे घेऊन सरळ ओसरीत आली आणि गोजरबाईला बघून दारातच थबकली. "या अल्ला! हे काय झालं वं, गोजरा?"

वामनराव ताटली घेऊन येतच होता. "बसा भाभी. चार घास पोटात जाऊ द्या तिच्या."

"द्या इकडं, मी भरवते." तिनं ताटली हातात घेतली, घास केला आणि थांबली. नाकाशी नेला. जिभेवर ठेवला आणि उठून अंगणात जाऊन थुंकली.

"भाऊ, हे कधीपासून देऊन राह्यले तिले?"

"झाले की बारा दिस. तिच्या आवडीचा पाला हाये. मी सोता वाळवलेला."

"चाखला का तुमी?"

"मी पाला खात नाई."

"चाखा."

तिचा आवाज असा होता, की त्यानं मुकाट्यानं बोटावर घेतला. कडू. नुसता कडू नव्हे, बुरसटलेला, जीभ आकसून जावी असा. दोन वेळा चूळ भरली तरी घशातून जाईना. जहांआरानं तोवर खोलीतून डबा आणून अंगणात पालथा केला होता. वरचा पाला निघून गेल्यावर खाली ढेकळं होती. हिरवट काळी, पांढऱ्या जाळ्यांनी बांधलेली.

"ओला भरला व्हता," ती म्हणाली.

वामनराव त्या ढिगाकडं पाहत राहिला. गारा, निथळतं धोतर, वर झालेला हात, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तो बाजेजवळ गेला.

"त्या दिशी तू हात वर केला व्हता. हेच सांगाचं व्हतं नं तुले? पाला ओला हाये म्हनून?"

गोजरबाईनं मान हलवली. हो.

"मंग काऊन नाई सांगितलं?"

 जहांआराला वाटलं, नवराबायकोचं बोलणं आहे. ती जायला उठली. तसा गोजरबाईचा डावा हात झपकन पुढं आला आणि तिनं जहांआराच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. सोडेना. जहांआरा खाली बसली.

वामनरावानं ती मूठ पाहिली. शिरा वर आलेल्या, बोटं पांढरी पडलेली. ही बाई आपल्यापाशी एकटी राहायला भिते, हे त्याला त्या मुठीनं सांगितलं. बेचाळीस वर्षांत तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं.

"मी काई बोलत नाई वं," तो हळू म्हणाला. "नुसतं इचारून राह्यलो. काऊन नाई सांगितलं?"

"तुमी... रागावले... असते."

"बरं. मंग खाल्लं काऊन? थुंकून टाकाचं. तोंड फिरवाचं."

गोजरबाई बराच वेळ शब्द गोळा करत राहिली. दोघंही थांबून होते. अंगणात एक कुत्रं त्या ढिगाला हुंगलं आणि तोंड न लावता निघून गेलं.

"तुमी... ताट... फेकलं असतं," ती म्हणाली. "आन्... मले... आता... उठून... उचलता... येत नाई."

जहांआरानं ओढणीचं दुसरं टोक तोंडाला लावलं. वामनराव उभा होता तो खाली बसला, भिंतीला टेकून.  मग उठला, फावडं घेतलं आणि तो पाला उकिरड्यात नेऊन पुरला.

*

त्या दिवसापासून त्यानं चाखल्याशिवाय एक घासही तिच्या तोंडात घातला नाही.

पाऊस पडला तसा तो जहांआराला गोजरबाईकडं बघायला सांगून रानभाज्यांसाठी रानात जायला लागला. जहांआरानं सांगितलेल्या खुणा मनात धरून गायरान पालथं घालायचा. तरोट्याची कोवळी पानं, नाल्याकाठची चिवळ, काटेरी झुडपांत लपलेली कटुर्ली. जन्मभर जे तण म्हणून त्यानं उपटलं होतं, औषध मारून जाळलं होतं, ते आता गुडघे टेकून, पदर पसरावा तसं धोतराच्या ओच्यात गोळा करायचा. कटुर्ल्याचा कंद कुठं आहे ते हेरून खूण घालायचा, मुळासकट खणायचा नाही. बी सावलीत वाळवायचा. देठ मोडून बघायचा, कडकन वाजला तरच गाडग्यात भरायचा. पुढल्या माघात त्यानं पुन्हा हरभऱ्याचा पाला केला. यंदा त्याला हिरव्या चहासारखा, उन्हाचा वास होता. त्यानं आधी स्वतः खाल्ला. चांगला लागला. इतकी वर्षं हे आपण शेळीचं म्हणून सोडलं.

वाडीत त्याचं नाव झालं. नव्या सुना बी मागायला यायला लागल्या. सिंधूताई चारचौघींसमोर म्हणाली, "गोजरकाकूनं काय पुन्य केलं असन मागच्या जन्मी! असा नवरा कोनाले मिळते?" बायका माना डोलवायला लागल्या. बाजेवर गोजरबाईचं अर्धं तोंड हललं. ते हसू होतं का दुसरं काही, हे अर्ध्या तोंडावरून सांगता येत नव्हतं.

वामनराव रोज ताटली घेऊन बसायचा, रोज विचारायचा. रोज ती म्हणायची, बरं झालं. वालाच्या शेंगा, बरं झालं. कटुर्ली, बरं झालं. हरभऱ्याचा पाला, त्यालाही बरं झालं. आवाज तोच, तोंड तेच. बुरसटलेल्या पाल्याच्या वेळी होतं तसंच.

"मी आता रागावत नाई वं," त्यानं एकदा सांगितलं. "वरीस झालं, आवाज चढवला का मी?"

तिनं मान हलवली. नाही.

"मंग कदी नाव ठेव की. म्हन, आज तिखट झालं. म्हन, कच्चं राह्यलं. मी मानसच हाये, चुकत असन."

"बरं... असते," ती म्हणाली.

चैतातल्या एका दुपारी त्यानं मुद्दाम कण्यांत मीठ घातलंच नाही. चाखून पाहिलं. सपक, पाण्यासारखं. ताटली घेऊन तो बाजेवर बसला आणि पहिला घास भरवला. तिनं तो डाव्या गालात फिरवला, गिळला. त्यानं दुसरा घास केला नाही. थांबला. बाहेर ऊन रणरणत होतं, पलीकडं जहांआरा काठीनं कापूस झोडपत होती.

"कसं झालं?"

तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग तोंडाकडं पाहिलं.

"बरं झालं."

"अळनी हाये वं," तो म्हणाला.  "मीठच नाई घातलं म्या. तुले कळते. तुले तर चिमटीचा फरक कळत व्हता. येकदा म्हन, अळनी हाये. शिवी दे मले. पन म्हन."

गोजरबाईचा डावा हात बाजेच्या दोरीवर गेला आणि तिथंच राहिला. 

मग तो उठला. आत जाऊन मीठ आणलं, कण्यांत घातलं, बोटानं नीट कालवलं, चाखलं. आता चव आली होती. पुन्हा येऊन बसला आणि घास तिच्या ओठांशी नेला.

तिनं तोही तसाच घेतला, डाव्या गालात फिरवला, गिळला, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.